राघूच्या चोचीआधी त्याच्या पोटाकडे बघा

कराडहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देतो.

‘डॉक्टर, आमच्याकडे आठ वर्षांपासून राघू आहे. मळ्यातलं जुनं झाड पाडलं तेव्हा ढोलीतून पडलेलं पिल्लू सासूबाईंनी भिजवलेली डाळ भरवून जगवलं. दिवसा तो घरात मोकळाच असतो. गेल्या रविवारी सोप्यात पंखा चालू होता. कुकरच्या शिट्टीला दचकून तो उडाला आणि पात्याला धडकला. वरची चोच पुढून जवळजवळ एक तृतीयांश तुटली. बरंच रक्त गेलं, हळद दाबल्यावर थांबलं. आज चौथा दिवस. दुधात कुस्करलेली चपाती तोंडाशी धरली तर थोडी चाटतो, एरवी पिसं फुलवून कोपऱ्यात बसतो. डाळीच्या वाटीत चोच घालतो, पण किती पोटात जातं ते कळत नाही. नणंदेचे यजमान म्हणतात, तुटलेला तुकडा फेविक्विकने चिकटवा. आमचे हे म्हणतात, डॉक्टरकडे नेऊ नको, वनखात्याचे लोक येऊन राघूला घेऊन जातील. कोणी म्हणतं, सोडून द्या, रानात आपोआप बरा होईल. सासूबाई त्याच्यापाशीच बसून असतात, त्यांचंही जेवण तुटलंय. चोच परत येईल का? त्याला काय खायला घालू? आणि तो सकाळी म्हणायचा तसं पुन्हा ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणेल का?’

ताई, तुमचं पत्र हाती आलं त्याच दिवशी मी फोनवर तुम्हाला एकच गोष्ट सांगितली: आजच्या आज डॉक्टर गाठा. बाकीचं इथे सविस्तर लिहितो, कारण अशा पत्रांमध्ये एक गोष्ट कायम दिसते. सगळ्या घराचं लक्ष चोचीकडे असतं. रक्त दिसतं, तुटलेला भाग दिसतो, ओळखीचा चेहरा विद्रूप झालेला दिसतो. पण पहिल्या दिवसाचा रक्तस्राव थांबल्यावर पोपट चोचीच्या जखमेने क्वचितच जातो. तो जातो उपासमारीने, आणि तीही भरलेल्या वाटीसमोर.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या. पोपट आजारपण लपवतो. थव्यात अशक्त दिसणाऱ्या पक्ष्यावर शिकाऱ्याची नजर आधी जाते, म्हणून शक्य तोवर धडधाकट दिसत राहायचं ही त्याची उपजत सवय आहे. ती तुमच्या सोप्यातही सुटत नाही. तो वाटीपाशी जाईल, चोच घालेल, दाणा उचलेल, चघळल्यासारखं करेल आणि खाली टाकेल. बघणाऱ्याला वाटतं, खातोय. वाटीत टरफलं आणि चुरा दिसतो, म्हणून समाधान वाटतं. पोटात मात्र काहीच गेलेलं नसतं. तुमच्या राघूएवढ्या हिरव्या पोपटाचं वजन साधारण ११० ते १४० ग्रॅम असतं. एवढ्याशा शरीरात साठवून ठेवायला फार काही नसतं, आणि रक्त गेलेल्या, दुखणं सोसणाऱ्या पक्ष्याला तर नेहमीपेक्षा जास्त ताकद लागते.

म्हणून औषधाच्याही आधी एक वस्तू आणा: एक-एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. कोणत्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो. राघूला छोट्या टोपलीत किंवा कापड अंथरलेल्या डब्यात बसवा, डब्याचं वजन आधी शून्य करून घ्या, आणि रोज सकाळी, पहिली विष्ठा झाल्यावर व खाणं देण्याआधी, त्याचं वजन वहीत लिहा. वेळ तीच ठेवा. जखम होण्याआधीचं वजन तुमच्याकडे नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी डॉक्टरांना छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस किती उरलं आहे ते चाचपायला सांगा. ते हाड सुरीच्या पात्यासारखं टोचत असेल तर पोपट बराच खंगला आहे. त्यानंतर आकडा रोज खाली सरकत असेल तर तो ‘खातोय’ असं डोळ्यांना कितीही दिसलं तरी तो खात नाहीये. पहिल्या दिवशीच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी घट झाली, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या पक्ष्यात बारा-तेरा ग्रॅम, तर त्याच दिवशी पुन्हा दवाखान्यात न्यायचं.

दुसरी खूण विष्ठेची. पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र किंवा पांढरा कागद घाला आणि रोज बदला. निरोगी पोपटाच्या विष्ठेत हिरवा घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी असतं. विष्ठा मोजकीच होत असेल, हिरवा भाग बारीक, काळपट होत असेल किंवा नुसतं पांढरं आणि पाणी पडत असेल, तर आतडं रिकामं आहे. पोट भरतंय की नाही हे सांगण्यात कागद आणि काटा या दोन गोष्टी कधी चुकत नाहीत.

आता डॉक्टरांची गोष्ट. तुमच्या गावातले गुराढोरांचे डॉक्टर पक्षी बघत नसतील, तर त्यांच्याकडूनच विचारून पक्ष्यांचा अनुभव असलेले पशुवैद्यक शोधा. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडहून महामार्गाने सरळ जाता येतं. मुंबईकडच्या वाचकांना परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, विदर्भातल्यांना नागपूरचं, मराठवाड्यातल्यांना परभणी आणि उदगीरची महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी फोन करून पक्षी बघणारे डॉक्टर कोणत्या वेळी असतात ते विचारून घ्या.

दवाखान्यात काय व्हायला हवं, तेही माहीत असू द्या. पंख्याचा मार नुसत्या चोचीला बसत नाही. पोपटाची वरची चोच कवटीला सांध्याने जोडलेली असते, म्हणून तर ती आपल्या वरच्या जबड्यासारखी जखडलेली नसते, वर-खाली हलते. तो सांधा निखळला आहे का, कवटीला, डोळ्याला, पंखाला मार आहे का, हे तपासायला हवं आणि गरज वाटल्यास एक्स-रे काढायला हवा. जखम धुऊन मेलेला भाग काढतील. वेदनाशामक देतील, कारण चोचीच्या टोकाशी स्पर्श ओळखणाऱ्या चेतातंतूंची दाटी असते आणि तिथलं दुखणं फार असतं. दुखणं कमी झालं की पुष्कळ पोपट त्याच दिवशी आपणहून खायला लागतात. जंतुसंसर्गाची भीती असेल तर प्रतिजैविक देतील. आणि तो खातच नसेल तर नळीने थेट गळ्याशी असलेल्या अन्नपिशवीत पातळ अन्न सोडतील. ही नळी तुम्ही घरी घालायची नाही. डॉक्टरांनी समोर बसवून शिकवलं, तुमच्या हातून दोन-तीनदा करून घेतलं आणि ते म्हणाले ‘जमतंय’, तरच.

फेविक्विकचं मनातून काढून टाका. हा गोंद ओल्या जिवंत ऊतींवर तापतो, त्याची वाफ पक्ष्याच्या नाजूक फुप्फुसांत जाते, आणि जखमेतली घाण आत बंद होऊन सडते. तुटलेला तुकडा आता मेलेला आहे, तो जुळणार नाही. फक्त तडा गेला असेल आणि चोच जागेवर असेल, तेव्हा डॉक्टर दातांसाठी वापरतात तसलं साहित्य वापरून ती सांधतात, पण ते काम आत संसर्ग नाही याची खात्री करून आणि भूल देऊन होतं.

तसंच घरातल्या डब्यातलं कुठलंही वेदनाशामक देऊ नका, अर्धी गोळी नाही, पाव नाही, कण नाही. डायक्लोफिनॅकने आपल्या देशातली गिधाडं किडनी निकामी होऊन जवळजवळ संपत आली, म्हणून २००६ साली जनावरांच्या उपचारात ते वापरायला बंदी आली. माणसाला रोज चालणारं औषध पक्ष्याला काय करू शकतं, याचं यापेक्षा मोठं उदाहरण नको. मेडिकलवाल्याने काही थेंब दिले असतील तर ते डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगितल्याशिवाय देऊ नका.

हळदीबद्दल तुमच्यावर रागवणार नाही. घरात रक्त वाहतं तेव्हा हात हळदीच्या डब्याकडेच जातो. पण पुढच्या वेळेसाठी, आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगतो. चोचीचं टोक रक्ताळलं तर स्वच्छ सुती कापडाची घडी किंवा गॉज हलक्या हाताने दाबून दोन-तीन मिनिटं धरा. अगदी टोकाशीच बारीक रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबलं तरी चालतं. नाकपुड्या चोचीच्या मुळाशीच असतात, त्यात कुठलीही पूड जाऊ देऊ नका. छाती घट्ट आवळून धरू नका, पक्ष्याला श्वासासाठी छाती हलावी लागते. आणि रक्ताचा हिशेब लक्षात ठेवा: पक्ष्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं रक्त अंगात असतं, म्हणजे राघूच्या अंगात सगळं मिळून बारा मिली, चहाचे अडीच चमचे. फरशीवर पडलेला छोटासा डाग आपल्याला किरकोळ वाटतो, त्याच्यासाठी तो किरकोळ नसतो.

दवाखान्यातून आणल्यावर त्याला ऊब द्या. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडा, आत जुनी मऊ सुती साडी अंथरा. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फाशांत नखं अडकतात. खोक्याच्या एकाच बाजूला कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा, म्हणजे गरम झालं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. आतलं तापमान तीस अंशांच्या आसपास पुरे. तो चोच उघडी ठेवून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरत असेल तर ऊब जास्त झाली. पिसं फुलवून, डोळे मिटून, तळाला बसून शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होत असेल तर एक मिनिटही थांबू नका. ऊब मिळावी म्हणून खोकं स्वयंपाकघरात ठेवू नका. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पण पोपट मिनिटांत मरतो. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल हेही त्या खोलीत नको.

आता खाणं, म्हणजे तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

दूध-चपाती आजपासून बंद. दुधातली साखर पचवायची सोय पक्ष्याच्या पोटात नाही, आणि भिजलेली चपाती अन्नपिशवीत आंबते. पोट भरल्यासारखं होतं, अंगी काही लागत नाही. त्याऐवजी मुगाची डाळ आणि तांदूळ अगदी मऊ शिजवा, मीठ, तेल, हळद, फोडणी काही नको. त्यात उकडलेला लाल भोपळा किंवा रताळं कुस्करा. गाजर उकडून किसून घाला. दोन-तीन दिवसांतून एकदा उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा चालतो. तुमच्याकडे अंडं चालत नसेल तर शिजवलेल्या मटकीचा किंवा मसुरीचा लगदा करा. पिकलेली पपई बहुतेक पोपटांना आवडते, आणि ती मऊही असते. पोपटांसाठी मिळणारे तयार दाणे, म्हणजे पेलेट्स, कोमट पाण्यात भिजवून त्यात मिसळले तर फारच उत्तम. नाचणीची पेज पातळ अन्न म्हणून चालेल, पण नुसत्या पेजेवर ठेवू नका.

अन्न हाताला कोमट लागेल एवढंच गरम असावं. पक्ष्याची अन्नपिशवी कातडीच्या अगदी आत असते आणि गरम अन्नाने ती आतून भाजते. भाजलेली बाहेरून दिवसचे दिवस दिसत नाही, मग एके दिवशी गळ्याशी भोक पडतं. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं अन्न अजिबात नको, त्यात मधेच एखादा भाग कडक तापलेला राहतो. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, बाळाच्या दुधाचं बघतात तसं.

कसं द्यायचं, हे काय द्यायचं याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. वरची चोच आखूड झालेला पोपट उथळ ताटलीतून दाणा उचलू शकत नाही. त्याला उचलता येतं ते जिभेने आणि खालच्या चोचीने. पोपटाची जीभ जाड, मांसल आणि फार हुशार असते. तेव्हा खोलगट वाटी घ्या आणि तिच्यात अन्न शीगोशीग भरा, म्हणजे तो खालची चोच आत खुपसून ओरपू शकेल. वाटी पिंजऱ्याला घट्ट अडकवा, कारण तो अन्न वाटीच्या कडेला दाबून तोंडात ढकलायला शिकेल आणि तेव्हा वाटी सरकता कामा नये. पहिले काही दिवस सासूबाईंच्या हाताने चमचा द्या. स्टीलच्या छोट्या चमच्याच्या दोन्ही कडा आत वाकवून पन्हाळीसारखा करा आणि तोंडासमोर धरा. तो स्वतः ओढून घेईल तेवढंच. मान धरून, तोंड उघडून सिरिंजने आत सोडू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, एक घोट चुकीच्या वाटेने गेला तर न्यूमोनिया होतो. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या, आणि प्रत्येक वेळी वाटी धुऊन ताजं अन्न घाला. आपल्याकडच्या हवेत शिजवलेलं अन्न दोन तासांत नासायला लागतं. खाणं झाल्यावर तोंडाभोवतीचा लगदा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने टिपा. जखमेला चिकटलेलं अन्न बुरशीला आमंत्रण देतं.

चहा, कॉफी, चॉकलेट, फरसाण, कांदा, लसूण आणि ॲव्होकाडो कधीच नको. हिरवी मिरची मात्र खुशाल द्या, बारीक चिरून. ती पोपटाला तिखट लागतच नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण आठ वर्षांत राघूचं मुख्य खाणं हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया असंच असणार, असा माझा अंदाज आहे. बहुतेक घरांत तेच असतं. त्यात चरबी भरपूर आणि अ जीवनसत्त्व व कॅल्शियम कमी. वर्षानुवर्षं अशा खाण्याने यकृत चरबीने भरतं, चोच वेडीवाकडी आणि लांब वाढते, तिचे पापुद्रे सुटतात, तिच्यात काळसर डाग दिसतात, आणि ती ठिसूळ होते. अशी चोच मार बसला की जास्त मोडते. शेंगदाण्यांना बुरशी आली असेल तर तिचं विषही यकृतालाच लागतं. राघूची चोच अपघाताआधीपासून लांबलेली, पापुद्रे सुटणारी होती का, ते आठवून डॉक्टरांना सांगा. पिसं विरळ होऊन चोचही खराब होणारा एक विषाणूचा आजारही पोपटांत असतो, तो आहे का हे डॉक्टर बघतील. बरा झाल्यावर पालेभाज्या, शेवग्याचा पाला, गाजर, भोपळा आणि मोड आलेली कडधान्यं हे त्याचं रोजचं खाणं करा आणि शेंगदाणे एखाद-दुसरा दाणा, लाड म्हणून. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, तो पिंजऱ्याला अडकवला की कॅल्शियम मिळतं. राघूला तो कुरतडता येणार नाही, म्हणून किसून अन्नावर भुरभुरवा. सकाळचं कोवळं ऊन काचेतून नाही, थेट द्या, अर्ध्या पिंजऱ्यावर सावली ठेवून.

चोच परत येईल का? खरं सांगतो. चोचीच्या आत हाड असतं आणि त्यावर आपल्या नखासारखं केराटिनचं आवरण असतं. हे आवरण मुळापासून सतत वाढतं आणि टोकाला झिजतं. नुसतं आवरणाचं टोक गेलं असतं तर काही महिन्यांत भरून आलं असतं. पण एक तृतीयांश गेली म्हणजे आतलं हाडही गेलं असण्याचीच शक्यता जास्त, आणि गेलेलं हाड पुन्हा येत नाही. मुळाशी, नाकपुड्यांच्या खाली, जिथून आवरण वाढतं तो भाग शाबूत असेल तर उरलेल्या हाडावर आवरण वाढत राहील आणि चोचीला थोडा आकार येईल. पूर्वीसारखी आकडी चोच होईल अशी आशा मी तुम्हाला देणार नाही.

कृत्रिम चोच बसवतात का, असंही कोणी तुम्हाला सांगेल. कोस्टा रिकामध्ये ग्रेसिया नावाच्या टूकन पक्ष्याला थ्रीडी प्रिंटरवर केलेली वरची चोच बसवली होती. पण पोपटाच्या चोचीवर जोर फार येतो, आणि खालचं आवरण वाढत गेलं की चिकटवलेली चोच सुटते, पुन्हा बसवावी लागते, दर वेळी भूल द्यावी लागते. खाता येत असेल तर राघूला त्या फेऱ्यात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यापेक्षा न्यूझीलंडच्या ब्रूसचं उदाहरण सासूबाईंना सांगा. ब्रूस हा किआ जातीचा डोंगरी पोपट. त्याची वरची चोच अख्खी गेलेली आहे. क्राइस्टचर्चजवळच्या विलोबँक अभयारण्यात तो राहतो. त्याला कृत्रिम चोच नाही. तो मऊ अन्न खातो, कडक अन्न टणक वस्तूवर दाबून तोडतो, आणि चोच नसल्यामुळे पिसं साफ करता येत नाहीत म्हणून जीभ आणि खालची चोच यांच्यामध्ये छोटा खडा धरून त्याने पिसं विंचरतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. शास्त्रज्ञांनी त्याच्या या युक्तीचा अभ्यास करून २०२१ साली तो प्रसिद्ध केला. पोपटाची बुद्धी अशी चालते. राघूला अन्न आणि वेळ मिळाला तर तोही आपली रीत शोधेल.

तुम्हाला आयुष्यभर लक्ष द्यावं लागेल ते खालच्या चोचीकडे. वरच्या चोचीवर घासून ती झिजते. वरची नसली की ती वाढतच जाते आणि तोंड मिटेनासं होतं. दर काही आठवड्यांनी ती डॉक्टरांकडून घासून घ्यावी लागेल. घरी नेलकटर लावू नका, आत रक्तवाहिनी असते. पोपट चोचीचा तिसऱ्या पायासारखा उपयोग करून चढतो, म्हणून बसायच्या काठ्या खाली आणा, पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या लावा आणि तळाला जाड कापड घाला, तो पडेल. पिसं साफ करायला मदत म्हणून जखम सुकल्यावर दुपारी उन्हाच्या वेळी कोमट पाण्याचा बारीक फवारा द्या. डोक्यावर नव्या पिसांच्या नळ्या फुटतील त्या सासूबाईंनी बोटाने हळूच मोकळ्या कराव्यात, त्याने करू दिलं तर त्याला ते फार आवडेल.

‘विठ्ठल विठ्ठल’ची काळजी करू नका. पक्ष्याचा आवाज चोचीतून निघत नाही. तो छातीत, श्वासनळीच्या तळाशी असलेल्या स्वरयंत्रातून निघतो, आणि पोपट त्याला जिभेने आकार देतो. त्या दोन्ही गोष्टी त्याच्या शाबूत आहेत. आत्ता तो गप्प आहे तो दुखतंय आणि भूक आहे म्हणून. सासूबाईंना म्हणावं, तुम्ही त्याच्याजवळ बसून नेहमीसारखं म्हणत राहा, पण आधी दोन घास खा.

आता तुमच्या यजमानांची भीती. ती खोटी नाही, म्हणून मी ती झटकून टाकणार नाही. आपल्याकडचे हिरवे पोपट, राघू, करण पोपट, तुईया, हे सगळे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते पकडणं, विकणं, विकत घेणं आणि पाळणंही बेकायदेशीर आहे. सासूबाईंनी ते पिल्लू विकत घेतलं नव्हतं, मायेने वाचवलं होतं, हे मला पटतं. पण रानातला जखमी जीव हाती आला तर ४८ तासांच्या आत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवायचं असतं, ते तेव्हा झालं नाही. तरीही या भीतीपायी उपचार टाळणं म्हणजे कायद्यापासून वाचण्यासाठी राघूचा जीव देणं. जखमी पक्ष्यावर उपचार करणं हे डॉक्टरांचं काम आहे, त्यांच्याकडे आधी जा. आणि वनखातं दाराशी येण्याची वाट बघण्यापेक्षा तुम्हीच जा. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा कराडच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना जाऊन भेटा. सगळं जसं घडलं तसं सांगा, दवाखान्याचे कागद दाखवा, वजनाची वही दाखवा.

राघू तुमच्याकडेच राहील असं वचन मी देऊ शकत नाही. कदाचित ते त्याला उपचार केंद्रात नेतील. सासूबाईंसाठी ते जड जाईल, हे मला ठाऊक आहे. त्यांना आधीच विश्वासात घ्या, त्यांच्यापासून लपवून काही करू नका. पण अशा केंद्रात त्याला इतर पोपटांची संगत मिळेल, आणि चांगलं खाणं मिळालं तर पोपट वीस-पंचवीस वर्षं सहज जगतो, म्हणजे त्याचं अर्ध्याहून जास्त आयुष्य अजून पुढे आहे. तो निर्णय अधिकारी आणि डॉक्टर मिळून घेतील. तुमच्या हातात आहे ते त्याला तोवर जिवंत आणि पोट भरलेला ठेवणं.

सोडून द्यायचा सल्ला मात्र कोणाचाही ऐकू नका, तो दयेचा वाटला तरी. आठ वर्षं माणसांत वाढलेल्या पोपटाला ससाणा कळत नाही, मांजराची भीती नसते, कोणत्या झाडाला कधी फळ येतं हे माहीत नसतं. त्यात चोच नाही. दोन दिवसांत तो मरेल, फक्त तुमच्या नजरेआड. त्याला परत रानात जाता येईल का, हेही वनखात्यानेच ठरवायचं असतं.

बजरीगर, कॉकटील, लव्हबर्ड असे परदेशी पक्षी पाळणाऱ्या वाचकांनाही खाण्याची, वजनाची आणि उबेची हीच रीत लागू आहे. पक्षी लहान असेल तर घाई जास्त करा: तीस-पस्तीस ग्रॅमच्या बजरीगरला एक दिवसाची उपासमारही पेलत नाही. आणि पक्षी मोकळा असताना पंख्याचं बटण बंद असलंच पाहिजे. बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा, पाहुणे येतात, मुलं येतात, उकडतं म्हणून हात आपोआप जातो.

ताई, काटा आला का? सोमवारपासूनचे सकाळचे आकडे आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला लिहून पाठवा. आकडा खाली जात असेल तर पत्र नको, फोन करा.